खडकवासल्याची दारे

आठवीची सहल आठवते का? खडकवासला, सिंहगड, आणि परतताना एसटीत सांडलेली भेळ. धरणापाशी भूगोलाच्या बाईंनी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे नाव सांगितले होते. त्यांनी इथे आपोआप उघडणारी दारे बसवली म्हणे. रात्री पूर आला तर दार उघडायला कोण येते, असे मी त्याआधी विचारले होते आणि सगळा वर्ग हसला होता. प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. आज रात्री तीनला सर्व्हर बंद पडला की उठणारी मीच असते.

विश्वेश्वरय्या मूळचे मुद्देनहळ्ळीचे, आताच्या कर्नाटकातले. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या करून ते बी.ए. झाले, मग म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि १८८३ साली इंजिनीअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात. नाशिक, धुळे, सिंधमधले सक्कर, पुणे. आपण त्यांना म्हैसूरचे म्हणतो, पण उमेदीची चोवीस वर्षे त्यांनी इकडच्या नोकरीत काढली.

खडकवासल्याच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई. त्यांनी सांडव्यावर दारे बसवली. ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी अडायचे, त्यावर चढले की त्याच पाण्याच्या जोराने दारे उघडायची आणि पातळी उतरली की मिटायची. १९०३ साली हे झाले. तलाव सुमारे आठ फुटांनी जास्त भरू लागला. पेटंट निघाले, पण सरकारी नोकर म्हणून त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

मला मात्र या दारांपेक्षा त्यांची कालव्यावरची ब्लॉक पद्धत मोठी वाटते. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची जमीन, ते वर्षभर उसाला पाणी पाजत. तिथे जमिनी पाणथळ होत, हिवताप पसरे आणि लांबची गावे कोरडी राहत. विश्वेश्वरय्यांनी पाणी जास्त गावांत वाटून दिले. प्रत्येक ठिकाणी ठरावीक तुकड्यातच ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिके, आणि आळीपाळीने बदल. ऊसवाले चिडले, विरोध झाला, होणारच. माझे आजोळ एका कालव्याच्या अगदी टेलला. पाळी आली की मामा बॅटरी घेऊन रात्रभर चारीवर बसत, आणि पाणी कधी यायचे, कधी वरच्यांनीच संपवलेले असायचे. म्हणून हा भाग वाचताना मी थांबले.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादसाठी पूरनियंत्रणाची योजना, मग म्हैसूरमध्ये कृष्णराजसागर. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. बँक निघाली, १९१६ मध्ये विद्यापीठ निघाले. दिवाणपद सोडले ते सरकारी नोकऱ्यांत मागास जातींना राखीव जागा देण्याच्या प्रश्नावर. त्यांना त्या मान्य नव्हत्या, निवड गुणवत्तेवरच व्हावी असे त्यांचे मत होते. इथे मला ते पटत नाहीत. टेलच्या शेताला पाणी मिळायचे तर नियम करावा लागतो, हे ज्या माणसाने ऊसवाल्यांचा राग पत्करून दाखवले, त्याला कचेऱ्यांतही वरचेच सगळे पाणी पितात हे दिसू नये? आपल्या तुकडीत घरातले पहिलेच शिकणारे किती होते, मोजून बघा. त्यांतले दोघे आज आपल्या शाळेत शिकवतात.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरी गाठलेले. नऊ महिन्यांनी, १४ एप्रिल १९६२ ला ते गेले. शाळेमागच्या वाड्याच्या भिंतीवर त्या पुराची खूण होती, आपल्या सगळ्यांच्या डोक्यांच्या वर. हा लेख लिहायला घेतल्यावर मुद्दाम जाऊन आले. वाडा पाडलाय, तिथे आता पार्किंग आहे.