विश्लेषण : खलनायकाची लंका नाशिकमध्ये कशी उभी राहिली? दादासाहेब फाळके यांच्यातला ‘मॉडेलमेकर’

अंतराळावरच्या टीव्ही मालिकांमधली खलनायकांची याने छोट्या प्लास्टिक किटच्या रूपात जगभर जोडली जातात. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतल्या क्लिंगॉन या परग्रहवासी शत्रूंच्या युद्धनौकेचे किट १९६८ च्या सुमारास बाजारात आले आणि हौशी मंडळी आजही ते डिंक-रंग घेऊन जोडत बसतात. या यानांची एक गंमत आहे. नायकाचे यान प्रेक्षकाला आतूनही दिसते. तिथे माणसे बसतात, बोलतात, भांडतात. शत्रूचे यान मात्र बहुतेक वेळा बाहेरूनच दिसते. शत्रू किती भयंकर आहे, हे सांगायची सगळी जबाबदारी त्या फूट-दोन फुटांच्या मॉडेलवर येते. म्हणून ते नीट बनवावे लागते.

हीच अडचण त्याच्या अर्धशतक आधी नाशिकमध्ये एका माणसापुढे होती. फक्त शत्रू परग्रहावरचा नव्हता, लंकेचा होता. धुंडिराज गोविंद फाळके यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सगळे ओळखतात. त्यांच्या हातात सुतारकामापासून जादूपर्यंत किती कसब होते आणि पौराणिक खलनायक पडद्यावर आणताना ते कसे कामी आले, याची चर्चा तुलनेने कमी होते.

नायकाचे जग फुकट, खलनायकाचे महाग

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनी मुंबईत दादरला केला, पण त्यानंतर ते बिऱ्हाड आणि कंपनी घेऊन नाशिकला आले. चित्रपटवाल्यासाठी ही जागा सोन्यासारखी होती. गोदावरीचे घाट, दगडी देवळे, त्र्यंबकचे डोंगर, मोकळे आकाश आणि भरपूर ऊन. त्या काळी चित्रीकरण सूर्यप्रकाशातच होई. राम वनवासात राहिला ती पंचवटी तर गावातच होती. रामाचे जग उभारायचे म्हणजे कॅमेरा उचलून योग्य जागी नेऊन ठेवायचा, इतके ते सोपे होते.

लंका मात्र नाशिकमध्ये नव्हती. कंसाचा दरबार नव्हता, यमुनेच्या डोहातला कालिया नव्हता. हे सगळे लाकूड, कापड, लगदा, रंग आणि कॅमेऱ्याच्या युक्त्या यांतूनच करावे लागणार होते. फाळके यांच्या चित्रपटांची नावेच पाहा : ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंकादहन’, ‘कालिया मर्दन’. खलनायक किंवा त्याची नगरी थेट शीर्षकात आहे. प्रेक्षक देवदर्शनासाठी येत असे, हे खरेच. पण तिकीट काढताना त्याला राक्षसही बघायचा असे.

हे कसब आले कुठून?

वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना अध्यापनाची नोकरी मिळाली आणि कुटुंब त्र्यंबकहून मुंबईला गेले. मुलाचा ओढा पोथ्यांपेक्षा चित्रकलेकडे. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. नंतर मोठ्या भावाबरोबर बडोद्याला गेला आणि तिथल्या कलाभवनात त्याला खरे घबाड मिळाले. चित्रकलेबरोबरच वास्तुकला, मातीकाम, प्रतिकृती बनवणे, छायाचित्रण असे सगळे तो शिकला.

१८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात फाळके यांना सुवर्णपदक मिळाले. ते चित्रासाठी नव्हते, छायाचित्रासाठीही नव्हते. त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती बनवली होती. भारतीय चित्रपटाच्या जनकाची पहिली मोठी ओळख स्केल मॉडेल बनवणारा कारागीर अशी होती. चित्रपटगृहे देशात सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ल्युमिए बंधूंचा पॅरिसमधला जाहीर खेळही त्यानंतर तीन वर्षांनी, १८९५ मध्ये झाला.

पुढची वीस वर्षे धंदे बदलण्यात गेली. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेले. मग एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि फाळके हे आडनाव उलटसुलट करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग केले. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली. छापखाना काढला, रंगीत छपाईचे तंत्र आणि यंत्रे यांसाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, भागीदारांशी मतभेद झाल्यावर छापखानाही सोडला. घरच्यांना हे सगळे वाया गेलेले आयुष्य वाटले असल्यास नवल नाही. पण प्रत्येक धंद्याने एकेक अवजार हाती दिले. पुरातत्त्व खात्याने मोजमाप शिकवले, छपाईने रसायने शिकवली आणि जादूने प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची हे शिकवले.

१९११ च्या ईस्टरला गिरगावातल्या तंबूत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट त्यांनी पाहिला आणि राम-कृष्ण पडद्यावर आणायचे ठरवले. तेव्हा वय ४०. ध्यासापायी डोळ्यांवर इतका ताण दिला की काही काळ दिसेनासे झाले, उपचारांनी दृष्टी परत आली. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. भांडवलदाराला पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म खर्चून महिन्याभराची वाढ मिनिटभरात दाखवली. आज फोनमधल्या टाइमलॅप्सने करतो तेच, पण हाताने.

आगीला स्केल का लागत नाही?

‘लंकादहन’ १९१७ चा. रावणाची नगरी पेटलेली दाखवायची होती. छोटी प्रतिकृती करून ती जाळली तर? इथे भौतिकशास्त्र आडवे येते. इमारत सोळा पट लहान करता येते, ज्वाला करता येत नाही. मेणबत्तीची ज्योत कितीही जवळून घेतली तरी मेणबत्तीचीच दिसते. ती फार भराभर लवलवते, धूर चटकन वर जातो, पडणारे तुकडे क्षणात खाली येतात. यावरचा उपाय म्हणजे चित्रीकरणाचा वेग वाढवणे, म्हणजे पडद्यावर सगळे संथ आणि म्हणून मोठे वाटते. हा वेग मापाच्या वर्गमुळाच्या पटीत लागतो. मॉडेल एकास सोळा असेल तर चौपट.

मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. बहुतेक कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेरीला आठ चित्रे टिपली जात, म्हणजे सेकंदाला दोन फेऱ्या घातल्या की सोळा. चौपट वेगासाठी सेकंदाला आठ फेऱ्या हव्यात. कोणाचाही हात तसा फिरणार नाही, फिरला तर फिल्म तुटेल. म्हणजे लंका जाळायची तर ती माणसांच्या मापाचीच बांधून जाळणे भाग होते. फाळके यांनी सेट उभारून तो खरोखर पेटवला. उड्डाण करणारा हनुमान आणि खाली धडधडणारी नगरी हे प्रेक्षकांसाठी नवलच होते. या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. चित्रपट प्रचंड चालला. मद्रासकडे तिकिटांची नाणी बैलगाडीत भरून पोलिस बंदोबस्तात न्यावी लागली, असे सांगितले जाते. अतिशयोक्ती वजा केली तरी धंदा मोठा होता, यात वाद नाही.

कंसाची घाबरगुंडी आणि डोहातला नाग

या यशानंतर मुंबईच्या भांडवलदारांबरोबर १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी नाशिकमध्ये उभी राहिली. ‘श्रीकृष्ण जन्म’ मध्ये शेषावर उभा कृष्ण यमुनेतून वर येतो आणि घाबरलेल्या कंसाला जिकडे तिकडे कृष्णच दिसू लागतात. इथे कामाला आली ती एकाच फिल्मवर दोनदा-तीनदा चित्रण करण्याची युक्ती. काळ्या पडद्यासमोर एक कृष्ण टिपायचा, फिल्म मागे गुंडाळायची, कृष्णाला दुसरीकडे उभे करून पुन्हा टिपायचे. किती फेऱ्या फिल्म मागे घेतली हे चुकले की सगळे बिघडले. संगणकाच्या जागी तिथे फक्त माणसाचे मोजणे होते.

१९१९ च्या ‘कालिया मर्दन’ मध्ये फाळके यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. डोहातला नाग तिला लढता येईल आणि त्याच्या फण्यावर नाचता येईल इतका मोठा बनवावा लागला. आज तो नाग बघितला तर लगद्याचा आहे हे कळते. तरीही मुलगी त्याच्याशी झुंजू लागली की जीव थोडा वरखाली होतोच. चांगल्या मॉडेलची परीक्षा ती हीच असावी.

मोठ्या सेटवर पैसे नसत तेव्हा फाळके आगकाड्यांवर भागवत. पहिल्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मची टंचाई असताना त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा पट केला. काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची.

या सगळ्यात पत्नी सरस्वतीबाईंचा वाटा मोठा होता. तेव्हा फिल्मच्या कडेची छिद्रे घरीच पाडावी लागत, तीही अंधारात. हे काम, फिल्म धुणे आणि वर कंपनीतल्या पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक त्या करत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी त्यांचे दागिनेही गहाण पडले होते. फाळके यांच्या नावाने देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. सरस्वतीबाईंचे नाव त्या मानाने फारच कमी ऐकू येते.

मग काय बिनसले?

भागीदारांना हिशेब हवा होता, फाळके यांना मनासारखा सेट. खटके उडाले. ते कंपनी सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिले, काही वर्षांनी परत आले. पण तोवर चित्रपट बदलला होता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ मूक म्हणून तयार झाला आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव खरा बोलपट, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. बोलपटाला गाणारे गळे हवे होते, संवाद हवे होते. आकाशातून गंगा उतरवून दाखवणाऱ्या कारागिराची किंमत आता तितकी राहिली नव्हती. सुमारे १९ वर्षांत ९० हून अधिक चित्रपट करूनही हाती विशेष काही उरले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.

आज काय पाहायला मिळते?

त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे स्फोटक पदार्थाची सख्खी बहीण. एकदा पेटली की पाण्याखालीही जळते, आणि न पेटताही काही दशकांत चिकट होऊन तिचा भुगा होतो. त्यामुळे ‘लंकादहन’चा काही भागच शिल्लक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी फाळके यांचे जे तुकडे जमवले, त्यात ‘कालिया मर्दन’ सर्वाधिक सलग आहे. पांडवलेणीच्या पायथ्याशी महापालिकेने स्मारक उभारले आहे.

आणि एक छोटा पट उरला आहे, ‘चित्रपट कसे तयार करतात’. त्यात कोणी राक्षस नाही. फाळके स्वतः दिसतात : नटांना हावभाव करून दाखवताना, धुतलेली फिल्म उजेडासमोर धरून तपासताना आणि मग ती कापून जोडताना.