टायगातील गोचीड आणि एका शास्त्रज्ञाचा तुरुंगवास

विज्ञानाच्या इतिहासात उपेक्षेचे धनी ठरलेले संशोधक पुष्कळ आढळतात. परंतु ज्या शोधासाठी देशाने गौरव करायचा, त्याच शोधानंतर बेड्या पडाव्यात, असे दुर्दैव फार थोड्यांच्या वाट्याला आले. सोव्हिएत विषाणुशास्त्राचा पाया घालणारे लेव्ह झिल्बर हे त्यांपैकी एक.

झिल्बर यांचा जन्म 1894 मधला. वडील लष्करी बँडचे प्रमुख होते आणि बालपण प्स्कोव्ह या जुन्या रशियन शहरात गेले. धाकटे बंधू पुढे वेनियामिन कावेरिन या नावाने नामवंत कादंबरीकार झाले. लेव्ह यांनी मात्र निसर्गविज्ञान आणि वैद्यकाची वाट धरली. 1919 मध्ये मॉस्को विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन ते लाल सेनेत डॉक्टर म्हणून दाखल झाले. पुढे बाकू येथे सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेचे संचालक असताना, 1930 मध्ये नागोर्नो-काराबाखमधील प्लेगची साथ त्यांनी आटोक्यात आणली. याच कामानंतर त्यांना पहिल्यांदा अटक झाली. काही महिन्यांनी सुटका झाली, पण संशयाची सावली कायमची मागे लागली.

1930 च्या दशकात सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडील टायगा अरण्यात लाकूडतोडे, सैनिक आणि नव्याने वसलेल्या वस्त्यांतील लोक एका गूढ तापाने पछाडले जात होते. तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, मागोमाग बेशुद्धी किंवा मान व हातांचा पक्षाघात, असा हा आजार होता. कित्येक रुग्ण दगावत आणि वाचलेल्यांपैकी अनेकजण जन्माचे पंगू होत. हा मेंदूज्वर आहे हे स्थानिक डॉक्टरांनी ओळखले होते. तो येतो कोठून, हे मात्र कळत नव्हते. जपानमध्ये डासांमुळे पसरणारा मेंदूज्वर ठाऊक असल्याने संशयाची सुई डासांकडेच वळत होती.

मे 1937 मध्ये झिल्बर यांच्या नेतृत्वाखाली तरुण संशोधकांची मोहीम अतिपूर्वेस पोहोचली. जुन्या रुग्णांच्या नोंदी चाळताना त्यांना एक विसंगती जाणवली. रोग वसंतात डोके वर काढत होता आणि त्या थंड प्रदेशात तेव्हा डास नसत. शिवाय, तो एका माणसाकडून दुसऱ्याला होत असल्याचेही दिसत नव्हते. अशातच एका आजारी गृहिणीची हकीकत पुढे आली. तिचा कोणत्याही रुग्णाशी संबंध आला नव्हता. मात्र आजारापूर्वी सुमारे दोन आठवडे ती जंगलात पाइनची फळे वेचायला गेली होती आणि परतल्यावर तिच्या अंगावर गोचीड आढळले होते. त्यानंतर एका पशुवैद्यकीय अहवालात गुरांना गोचीड चावण्याच्या हंगामाचा आलेख झिल्बर यांच्या पाहण्यात आला. माणसांतील रोगाचा आलेख त्याच्याशी जुळत होता. फरक होता तो दोन आठवड्यांचा. म्हणजे चावा आणि ताप यांतील अंतर!

जंगलात जाणाऱ्यांनी अंग झाकावे, परतल्यावर गोचीड काढावेत, अशा सूचना तातडीने दिल्या गेल्या. रुग्णांच्या नमुन्यांतून आणि पुढे गोचिडांतूनही विषाणू वेगळा करण्यात आला. एका उन्हाळ्यात हाती आलेल्या या यशाची किंमत जबर होती. मिखाईल चुमाकोव्ह या तरुण सहकाऱ्याला काम करताना संसर्ग झाला. त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि श्रवणशक्ती क्षीण झाली. हेच चुमाकोव्ह पुढे पोलिओ लसीच्या कार्यासाठी जगभर ओळखले गेले.

मॉस्कोला परतल्यावर झिल्बर यांच्या वाट्याला सन्मान आला नाही. 1937 मध्येच त्यांना पुन्हा अटक झाली. ज्या रोगाचे कोडे त्यांनी उलगडले, तोच मुद्दाम पसरवण्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला! छळ होऊनही त्यांनी खोट्या कबुलीजबाबावर सही केली नाही. 1939 मध्ये ते सुटले आणि 1940 मध्ये पुन्हा गजाआड झाले. 1941 मध्ये या मेंदूज्वराच्या संशोधनाला स्तालिन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा मानकऱ्यांच्या यादीत मोहिमेच्या नेत्याचेच नाव नव्हते.

पेचोरा खोऱ्यातील श्रमछावणीत कैदी पेलाग्रा या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होणाऱ्या रोगाने मरत होते. झिल्बर यांनी रेनडिअरच्या चाऱ्यावर, म्हणजे तेथील दगडफुलासारख्या वनस्पतीवर, यीस्ट वाढवून औषध तयार केले आणि अनेकांचे प्राण वाचवले. पुढे बंदिवासातच त्यांनी कर्करोगाचा अभ्यास सुरू केला. तंबाखूच्या मोबदल्यात इतर कैदी त्यांना उंदीर पकडून देत. काही कर्करोगांमागे विषाणू असावेत, ही त्यांची मांडणी अशी तुरुंगात आकाराला आली.

त्यांच्या सुटकेसाठी, विभक्त झालेल्या पहिल्या पत्नी आणि सोव्हिएत पेनिसिलिनच्या जनक झिनाइदा येर्मोल्येवा यांनी नामवंत शास्त्रज्ञांसह प्रयत्नांची शिकस्त केली. मार्च 1944 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झिल्बर मुक्त झाले. दुसरी पत्नी आणि दोन मुले जर्मनांच्या श्रमछावण्यांतून जिवंत परतली. साथीच्या मेंदूज्वरांवरील ग्रंथासाठी 1946 मध्ये त्यांनाही स्तालिन पुरस्कार मिळाला. 10 नोव्हेंबर 1966 रोजी निधन होईपर्यंत ते प्रयोगशाळेत कार्यरत होते.

त्यांच्या शोधाचा धागा भारतापर्यंत येतो. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे आणि माणसे मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने वेगळा केलेला विषाणू टायगातील विषाणूच्याच कुळातला निघाला आणि वाहकही गोचीडच! हाच माकडताप 2016 मध्ये सिंधुदुर्गातही पसरला. रानातून आल्यावर अंगावरचे गोचीड तपासा, असे आज कोकणातील काजूबागायतदाराला सांगितले जाते. टायगातील लाकूडतोड्यांना 1937 मध्ये झिल्बर यांनी दिलेला सल्ला याहून वेगळा नव्हता.