मीराबेन आणि मातीचे घर

वाशीम सोडून पूर्वेस यवतमाळचा मुलूख ओलांडला, की वर्धा जिल्हा लागतो. तेथे सेवाग्रामी एक बसके, कौलारू, मातीचे घर उभे आहे. बापूकुटी या नावाने ते जगप्रसिद्ध झाले. परंतु ज्या बाईंनी ते बांधले त्यांचे नाव आमच्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहोत.

मॅडेलिन स्लेड यांचा जन्म १८९२ साली इंग्लंडात झाला. वडील ब्रिटिश आरमारातील बडे अधिकारी. घरी कशाचीही वाण नव्हती. बाईंस बीथोवेनच्या संगीताचा मोठा नाद. त्या नादानेच त्या फ्रेंच ग्रंथकार रोमाँ रोलाँ यांच्याकडे गेल्या व त्यांच्याकडून गांधीजींची माहिती त्यांस प्रथम मिळाली. पुढे त्यांनी मद्यमांस वर्ज्य केले, जमिनीवर बसण्याचा व सूत कातण्याचा सराव केला, आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये त्या साबरमतीस येऊन पोहोचल्या. मीरा हे नाव त्यांस गांधीजींनी दिले.

वर्ध्याजवळील सेगाव हे तेव्हा एक दरिद्री खेडे होते. तेथील बहुतेक रहिवासी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे होते. मीराबेन तेथे आधी राहावयास गेल्या; ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी आले. आदर्श खेड्यातील घराचे सामान पाच मैलांच्या परिघात मिळणारे असावे, असे गांधीजींचे मत होते. मीराबेननी स्वतःकरिता कुटी बांधली ती याच रीतीने: बांबू व मातीच्या भिंती, लाकडाचे खांब, गावठी कौले, पुढे बुटकी पडवी. भिंतींवर त्यांनी मातीनेच ताडाची झाडे व मोर उठविले. पुढे गांधीजी त्या कुटीत राहावयास आले व ती बापूकुटी झाली. बाईंनी आपले घर दुसऱ्यास दिले. शेगावाशी नामसादृश्यामुळे टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० साली सेगावाचे सेवाग्राम झाले.

१९४२ च्या चळवळीत त्यांस पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध केले गेले. सुटकेनंतर त्या हिमालयाकडे वळल्या. ऋषिकेशजवळ पशुलोक व पुढे भिलंगणेच्या खोऱ्यात गोपाळ आश्रम त्यांनी स्थापिला. डोंगरावरील बांज वृक्षांची राने जाऊन त्यांच्या जागी चीड पसरत आहे, त्यामुळे पाणी मुरत नाही व खाली पूर येतात, हे त्यांनी पाहिले व लिहून सरकारच्या कानी घातले. १९५९ साली त्यांनी भारत सोडला. २० जुलै १९८२ रोजी ऑस्ट्रियात त्यांचे देहावसान झाले.

आता आपल्या गावाकडे पाहू. वऱ्हाडातील जुनी धाब्याची घरे पांढऱ्या मातीची, जाड भिंतींची. वैशाखाच्या उन्हातही आत गारवा. गढवालातील जुनी घरे दगडालाकडाची. सामान निराळे, परंतु नियम एकच: जवळ जे मिळते व हवेस जे मानवते, त्याचेच घर करावे. मातीच्या घरास दोष नाहीत असे मात्र आम्ही म्हणत नाही. पावसाळ्यात धाबे गळते, वाळवी लागते, आणि दरसाल सारवण्यालिंपण्याचे कष्ट बहुधा माताभगिनींच्याच वाट्यास येतात. अशा त्रासास कंटाळून ज्या पालकांनी सिमेंटचे घर बांधले, त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि पातळ भिंती व वर टिनाचे पत्रे, असे घर उन्हाळ्यात भट्टीसारखे तापते, हाही अनुभव घरोघरी आहे.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस सांगणे एवढेच, की तुमच्यापैकी कोणी पुढे इंजिनीयर होईल, कोणी गवंडी, कोणी केवळ आपलेच घर बांधील. त्या वेळी शहरातील घराची नक्कल करण्यापूर्वी आजोबांच्या घराची भिंत हाताने चाचपून पाहा. तिच्यातील गुण घ्या, दोष टाका. आरमारी अधिकाऱ्याची कन्या जे या मातीत येऊन शिकली, ते याच मातीत जन्मलेल्यांस कठीण का वाटावे?