गृहशास्त्राला मान मिळवून देणाऱ्या एलनबाई

माझ्या पुतणीने पैसे भरून गृहशास्त्राचा एक वर्ग पुरा केला. नोकरीसाठी गेली तेव्हा पहिलाच प्रश्न आला, वर्गाला मान्यता आहे का? नव्हती. वर्ष गेले, पैसेही गेले. तेव्हा मला एलन स्वॅलो रिचर्ड्स या अमेरिकन बाईंची आठवण झाली.

त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८४२ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातला. घरची बेताचीच. वडिलांच्या दुकानात बसायचे, आजारी आईचे करायचे, शिकवण्या करायच्या. असे करीत त्यांनी ३०० डॉलर साठवले आणि पंचविसाव्या वर्षी व्हासर कॉलेजात गेल्या. १८७० साली पदवी घेतली आणि पुढल्याच वर्षी बोस्टनच्या एम. आय. टी. या संस्थेत रसायनशास्त्र शिकू लागल्या. तिथे त्या पहिल्याच विद्यार्थिनी. फी माफ केली, तेव्हा बाईंना वाटले, आपली गरिबी पाहूनच केली. पुढे कळले, कुणी तक्रार केलीच तर ही आमची विद्यार्थिनी नव्हे, असे म्हणता यावे म्हणून ती माफी! हे वाचून माझा तर जीव चडफडला. बाई मात्र सुईदोरा जवळ ठेवून प्राध्यापकांचे तुटके पट्टे शिवून देत आणि अभ्यास करीत. १८७३ मध्ये पदवी मिळाली. पुढे दोन वर्षे आणखी शिकल्या, पण डॉक्टरची पदवी काही तिथे मिळाली नाही. स्मिथ कॉलेजने ती सन्मानाने दिली, तीही १९१० साली.

१८७५ मध्ये त्यांनी प्राध्यापक रिचर्ड्स यांच्याशी लग्न केले. राज्यभरच्या पाण्याचे हजारो नमुने तपासले. स्वयंपाक, स्वच्छता, घरखर्च यांनाही शास्त्र आहे आणि ते शाळा-कॉलेजांत नीट शिकवले जावे, हा त्यांचा ध्यास होता. १८९९ साली लेक प्लॅसिड येथे अकराच जण जमले. या विषयाला नाव काय द्यावे, कुठल्या वर्गात काय शिकवावे, यावर दहा वर्षे परिषदा झाल्या. त्यातून १९०८ च्या अखेरीस अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन निघाली. बाई तिच्या पहिल्या अध्यक्षा. ३० मार्च १९११ रोजी त्या वारल्या.

पुढे याच संस्थेने कॉलेजांचे अभ्यासक्रम तपासून त्यांना मान्यता देण्याचे काम हाती घेतले. १९९४ मध्ये तिचे नाव बदलले. होम इकॉनॉमिक्सच्या जागी कुटुंब आणि ग्राहक शास्त्रे असे शब्द आले.

पुतणी आता दुसरीकडे नाव घालते आहे. या खेपेस पैसे भरण्याआधी मी मान्यतेचा कागद मागितला. तो इंग्रजीत होता, म्हणून शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला.