शिवरायांचा होन : लाखोंचा हिशेब होनांत झाला, पण स्वतःच्या नावाचं नाणं यायला 1674 उजाडलं

रायगडापासून रत्नागिरीच्या बाजारापर्यंत आणि ऑनलाइन दुकानांतही एक पिवळं चकचकीत नाणं मिळतं. एका बाजूला महाराजांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला राजमुद्रा किंवा किल्ला. कुणी ते देव्हाऱ्यात ठेवतं, कुणी गाडीत लावतं. त्यात गैर काहीच नाही. गडबड तेव्हा होते, जेव्हा तेच नाणं आजोबांच्या पेटीतला खरा शिवकालीन होन म्हणून फेसबुक ग्रुपवर विकायला येतं.

खरा होन कसा होता हे समजून घ्यायचं, तर शिवाजी महाराजांचं आयुष्य थोडं पैशाच्या अंगाने बघावं लागतं.

19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर जन्म झाला, तेव्हा दख्खनचा मोठा हिशेब होनांत चालायचा. होन म्हणजे दक्षिणेतलं छोटं सोन्याचं नाणं. विजयनगरच्या काळापासून लोकांचा त्यावर विश्वास होता. इंग्रज त्याला पॅगोडा म्हणायचे. रुपया हे मुघलांचं, चांदीचं नाणं. एका होनाला साधारण तीन-साडेतीन रुपये पडत.

तोरणा घेतल्यावर दुरुस्तीच्या वेळी धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला, असं बखरी सांगतात. 1657 मध्ये महाराजांनी मुघलांचं जुन्नर लुटलं, तिथून तीन लाख होन आल्याची नोंद आहे. यातला एकही होन महाराजांच्या नावाचा नव्हता.

मग येतं राजापूर. आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं हे बंदर तेव्हा व्यापाराने गजबजलेलं होतं आणि इंग्रजांची वखारही तिथे होती. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी व्यापार सोडून त्याला तोफांची मदत केली, तीही स्वतःचा झेंडा लावून. महाराज पन्हाळ्याहून निसटले, पण हे विसरले नाहीत. 1661 मध्ये ते राजापुरावर उतरले, वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. सुटका व्हायला 1663 उजाडलं. पुढची दहा-अकरा वर्षं इंग्रज नुकसानभरपाईसाठी खेटे घालत राहिले.

1665 चा पुरंदरचा तहसुद्धा होनांतच मोजला गेला. मुघलांना 23 किल्ले आणि त्याखालचा चार लाख होनांचा मुलूख गेला. महाराजांकडे 12 किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख उरला. शिवाय विजापूरच्या ताब्यातला कोकण आणि बालाघाट जिंकू दिला, तर 40 लाख होन हप्त्याने देण्याचं महाराजांनी कबूल केलं. त्यानंतर आग्रा, सुटका आणि 1670 पासून गेलेले किल्ले परत घेण्याचा धडाका.

6 जून 1674. रायगडावर राज्याभिषेक झाला. राजा म्हणजे ज्याच्या नावाने नाणं चालतं, ही तेव्हाची सरळ समजूत होती. म्हणून स्वतःच्या नावाचं नाणं आलं : सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, आणि तेही देवनागरीत. भोवताली फारसी नाण्यांचा काळ होता, हे लक्षात घेतलं की या चार शब्दांचं वजन कळतं.

या सोहळ्याला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. राजापूरची भरपाई अखेर 10,000 होनांवर मिटली आणि त्यातला काही भाग जकातीतून वळता करायचं ठरलं. इंग्रजांची आणखी एक मागणी होती : त्यांची नाणी स्वराज्यात चालावीत. महाराजांनी बंदीही घातली नाही आणि सक्तीही केली नाही. नाणं वजनाला आणि कसाला चोख असेल तर लोक आपणहून घेतील, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल असं नाणं तिच्या गळ्यात मारणार नाही, असा त्या उत्तराचा अर्थ होता. आज होन विकत घेणाऱ्यानेही हेच दोन प्रश्न विचारावेत, वजन किती आणि कस किती.

1677 मध्ये महाराज कर्नाटकात उतरले, जिंजी घेतली. 3 एप्रिल 1680 रोजी रायगडावर त्यांचं निधन झालं. सभासद बखरीत खजिन्याची यादी आहे. त्यात अच्युतराई, देवराई, धारवाडी असे होनांचे कितीतरी प्रकार येतात आणि शिवराई होन त्यातला फक्त एक. म्हणजे जुनी नाणी बाद झाली नव्हती. महाराजांच्या नावाचे होन आज अगदी मोजके उरले आहेत, याच्याशी ही गोष्ट जोडून बघायला हवी.

आता पेटीतल्या नाण्याकडे या. त्यावर महाराजांचा चेहरा असेल तर विषय तिथेच संपला, कारण खऱ्या होनावर चित्र नाही. सनही नाही. खरा होन दीड सेंटिमीटरहून लहान आणि साधारण 2.8 ग्रॅमचा असतो. मुठीत जड वाटणारं रुपयाएवढं नाणं होन नसतं. पितळेचं असेल तर त्याच आकारात वजन निम्म्याहूनही कमी भरतं, कारण सोन्याची घनता 19.3 आणि पितळेची साडेआठच्या आसपास. जुनं नाणं ठशावर हातोडा मारून पाडलेलं असायचं. त्यामुळे अक्षरं एका बाजूला सरकतात, कधी कडेला अर्धी कापली जातात. साच्यात ओतलेल्या प्रतिकृतीची अक्षरं गुळगुळीत असतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात आणि कडेला जोडाची रेघ सापडते. सगळी अक्षरं नीट मध्यभागी बसली असतील तर शंका आणखी वाढवा.

फसवणारी एक जागा मात्र उरते. खऱ्या सोन्यात, बरोबर वजनाची प्रतिकृती सोनारही करून देतो. तिथे कस लावून काहीच कळत नाही, ठसा ओळखणारा नाणेतज्ज्ञच लागतो. अशा नाण्याची किंमत म्हणजे त्या दिवसाचा सोन्याचा भाव आणि घडणावळ. सोन्याचा मुलामा दिलेल्या नाण्याला तर तेवढीही नाही. अस्सल होन मात्र लिलावात लाखांत जातो, आणि नकलांचा बाजार त्याच आकड्यावर चालतो.

तांब्याच्या शिवराईचं गणित वेगळं आहे. ती पेशवाईतही महाराजांच्याच नावाने पाडली जात राहिली, त्यामुळे कोकणात घराघरांत सापडते. ती खरी असू शकते, पण महाराजांच्या हयातीतली असेलच असं नाही, आणि तिची किंमतही होनाच्या जवळपास जात नाही.

आणि शेत नांगरताना किंवा जुन्या घराचा पाया खणताना खरोखरच सोन्याची नाणी लागली, तर ती परस्पर सोनाराकडे न्यायची नसतात. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.