अभयसाधक बाबा आमटे

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट या गावी २६ डिसेंबर १९१४ रोजी मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म झाला. आमटे घराणे जमीनदारांचे. घरात नोकरचाकर होते, वैभवाला तोटा नव्हता. लाडाने सारे त्यांना ‘बाबा’ म्हणत आणि पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या तोंडी झाले. मुलगा मोठा धाडसी. किशोरवयातच बंदूक हाती आली आणि रानात शिकारी सुरू झाल्या. घरच्या गड्यांच्या मुलांबरोबर जेवू नये, खेळू नये, असे वडीलधारे वारंवार बजावीत, पण बाबा त्यांच्यातच रमत.

शिक्षणासाठी ते नागपुरास आले आणि कायद्याची पदवी घेऊन वकील झाले. तरुणपणी त्यांना चित्रपटांचे विलक्षण वेड होते. इंग्रजी नियतकालिकातून ते चित्रपटांची परीक्षणे लिहीत. ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर या हॉलिवूडमधील विख्यात नट्यांशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. वेगवान मोटार, उंची कपडे, चालती वकिली असे सारे काही होते. पण मन स्वस्थ नव्हते. अशिलाकडून थोड्या वेळाच्या कामाचे पन्नास रुपये घ्यावेत आणि दिवसभर राबणाऱ्या मजुराला पाऊण रुपयाही मिळू नये, हे त्यांना सलू लागले.

१९४२ च्या आंदोलनात बाबांना तुरुंगवास घडला. सेवाग्रामला महात्मा गांधींचा सहवास लाभला. एकदा आगगाडीत गोरे सैनिक एका स्त्रीची छेड काढीत असता बाबा एकटे त्यांच्यावर तुटून पडले. ती हकीकत ऐकून गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ हे नाव दिले. १९४६ मध्ये नागपूरच्या घुले घराण्यातील इंदू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नघरच्या गडबडीतून हळूच बाजूला होऊन म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुवू लागणारी ही मुलगी बाबांनी पाहिली होती आणि तेवढ्यावरूनच त्यांनी तिची निवड केली. विवाहानंतर त्या साधनाताई झाल्या. ते नाव त्यांनी पुढे सार्थ केले.

वरोड्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना भंग्यांचे दुःख जाणून घ्यावे म्हणून बाबांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. त्याच काळात, एका पावसाळी रात्री घरी परतत असता, गटाराच्या कडेला त्यांना काहीतरी पडलेले दिसले. चिंध्यांचे गाठोडे असावे असे प्रथम वाटले. जवळ जाऊन पाहतात तो ते माणूस होते! त्याच्या हातापायांची बोटे झडली होती, जखमांत किडे वळवळत होते. तो तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी होता. त्याला पाहताच बाबा भयाने घराकडे पळत सुटले.

घरी आले, पण चैन पडेना. ज्याला गांधीजींनी अभयसाधक म्हटले, तो एका मरणोन्मुख माणसाला पाहून पळाला होता. बाबा परत गेले. तुळशीरामाच्या अंगावर त्यांनी पावसापासून आडोसा केला, त्याला भरवले, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. त्यानंतर कित्येक महिने बाबा बेचैन होते. हेच दुखणे आपल्या पत्नीला वा मुलाला झाले असते तर आपण पळालो असतो का, हा प्रश्न त्यांना सोडीना. अखेर, ज्याची भीती वाटते त्याच्याच सोबत राहायचे, असा त्यांनी निश्चय केला आणि साधनाताईंनी त्याला संमती दिली. घरात तान्ही मुले असताना ही संमती देणे सोपे नव्हते.

कुष्ठरोग हा देवाचा शाप किंवा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असा समज तेव्हा घरोघरी होता. खरे पाहता तो एका जंतूमुळे होतो. नॉर्वेतील हॅन्सेन या वैद्याने १८७३ मध्येच तो शोधून काढला होता. हा रोग आनुवंशिक नाही, बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला अटकाव करण्याची शक्ती उपजतच असते, आणि आज तर औषधांनी तो पूर्ण बरा होतो. बाबांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत या रोगाचे शिक्षण घेतले. तेथे प्रयोगासाठी माणूस हवा होता, तेव्हा त्यांनी आपल्याच शरीरात कुष्ठाचे जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही.

१९५१ मध्ये वरोड्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ माळावर बाबा राहायला गेले. बरोबर साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये होते. भोवती झुडपी रान होते आणि विंचू-सापांचा सुळसुळाट होता. जेथे पिण्याला पाणी नाही तेथे पहिले काम विहिरीचे. झडलेल्या बोटांच्या माणसांनी बाबांच्या बरोबरीने ती खणली. पाणी लागले, भाजीपाला पिकला, पण वरोड्याच्या बाजारात त्याला हात लावायला कोणी धजेना.

१९५४ मध्ये निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवक श्रमदानासाठी आनंदवनात आले. ते तेथे राहिले, तेथलेच अन्न जेवले आणि रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी रुग्णालयाच्या इमारती उभारल्या. हे पाहून गावकऱ्यांची भीड हळूहळू चेपली. शेजाऱ्यांना पटायला परदेशी पाहुणे यावे लागले! पुढे १९६४ मध्ये आनंदवनात महाविद्यालय सुरू झाले. ज्यांची भाजी गावाला नको होती, त्यांच्याच श्रमांतून उभ्या राहिलेल्या वास्तूत गावची मुले शिकू लागली.

वाढत्या वयात बाबांच्या पाठीच्या कण्याला असाध्य व्याधी जडली. बसणे अशक्य झाले, एक तर उभे राहायचे किंवा आडवे पडायचे. त्याही स्थितीत १९८५ मध्ये तरुणांना बरोबर घेऊन त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ यात्रा काढली. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. धाकटे पुत्र डॉ. प्रकाश यांनी हेमलकशाला माडिया गोंडांची सेवा आरंभिली होती. त्यांच्या जीवनावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट निघाला. एके काळच्या चित्रपट-परीक्षकाने तो आवडीने पाहिला असता, पण तेव्हा बाबा नव्हते.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन झाले नाही. साठ वर्षांपूर्वी जो माळ ओसाड होता, त्याच्याच मातीत, आनंदवनातील झाडांच्या सावलीत, त्यांना पुरण्यात आले.