दारिद्र्यरेषा ते पीकविमा : कोण होते वि. म. दांडेकर?

अवसरी बुद्रुक : पीक आपल्या शेतातले जाते, पण विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. असे का? या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर (१९२०-१९९५) यांच्या कामात सापडते.

दांडेकरांचा मुख्य विषय गरिबी. १९७१ मध्ये त्यांनी नीलकंठ रथ यांच्यासोबत देशातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज २,२५० कॅलरी मिळायच्या तर घरखर्च किती हवा, हा त्यांचा हिशेब होता. १९६०-६१ च्या किमतींनुसार उत्तर आले : खेड्यात महिन्याला माणशी सुमारे १५ रुपये, म्हणजे दिवसाला ५० पैसे. शहरात साडेबावीस रुपये. एवढाही खर्च न झेपणारे खेड्यात सुमारे ४० टक्के, तर शहरात ५० टक्के लोक होते.

उपाय काय? सर्वांना पुरेल इतकी जमीन नाही, त्यामुळे सरकारनेच सार्वजनिक कामांवर रोजगाराची हमी द्यावी आणि पैसा श्रीमंतांकडून करातून उभारावा, असे त्यांनी मांडले. राज्यात रोजगार हमी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. तिचे श्रेय वि. स. पागे यांचे, पण योजनेमागच्या विचाराला दांडेकर-रथ यांच्या आकड्यांनी बळ दिले.

पीकविम्यातही त्यांनी व्यवहार पाहिला. लाखो शेतांचे पंचनामे अशक्य, म्हणून परिसराचे सरासरी उत्पादन मोजा, असा त्यांचा आग्रह होता. १९७९ पासून देशात तसे प्रयोग सुरू झाले. यात एक अडचण राहिलीच. मंडळाची सरासरी चांगली आली, तर एकट्याचे पीक गेलेला शेतकरी या हिशेबात बसत नाही.